शाळेच्या रेफरेंडमनं टॅक्स किती वाढणार? विस्कॉन्सिनमधल्या मराठी घरमालकांना पत्र

सप्रेम नमस्कार.

स्कूल डिस्ट्रिक्टचं (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) रेफरेंडमचं, म्हणजे जादा करासाठी मतदारांचा कौल मागणारं, पत्रक टपालात आलं आणि आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागला: "टॅक्स किती वाढणार?" एकानं लिहिलं, वर्षाला अडीचशे डॉलर. दुसऱ्यानं लिहिलं, सहाशेच्या पुढे. मग वाद झाला, कुणीतरी म्हणालं की आकडे फिरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि विषय तिथेच सुटला. मला तो सुटलेला नको आहे. ते दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात. ते कसे, एवढं समजून घेतलं तर पुढची वीस वर्षं आपण कशाला होकार देतोय किंवा नकार देतोय ते आपल्याला कळेल.

मी मूळची सांगलीची. पंधरा वर्षं डेन काउंटीत (मॅडिसन शहर जिथे आहे त्या जिल्ह्यात) राहते, त्यातली अकरा स्वतःच्या घरात. पहिल्या रेफरेंडमच्या वेळी पत्रकात "महिन्याला एवढे डॉलर" असा ठळक आकडा होता. तो मी वाचला, मुलीच्या शाळेतला जानेवारीत बंद पडलेला बॉयलर आठवला आणि आनंदानं "हो" म्हणून आले. पुढच्या डिसेंबरात बिल आलं. त्यानंतर काही महिन्यांनी बँकेचं एस्क्रोचं पत्र आलं (टॅक्स भरण्यासाठी बँक घराच्या हप्त्याबरोबर वर्षभर जे पैसे जमा करते, तो एस्क्रो) आणि घराचा हप्ता पत्रकातल्या आकड्याच्या जवळजवळ चौपट वाढला. मला फसवल्यासारखं वाटलं. मग मी त्या पत्रकाचा एकेक शब्द पुन्हा वाचला. खोटं काहीच छापलेलं नव्हतं. मला जो प्रश्न विचारायचा होता त्याचं उत्तर मात्र त्यात नव्हतं, आणि मी तो प्रश्न विचारलाही नव्हता. तेव्हापासून मी हे हिशोब वहीत मांडत आले आहे. आज ती वही तुमच्यापुढे ठेवते.

पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या घराच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते. ती भरताना आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. इथे विचारतात. हा अधिकार मोठा आहे, आणि तो इथे इतक्या वेळा का वापरावा लागतो हे आधी सांगायला हवं, कारण "स्कूल बोर्डाला पैसे पुरतच नाहीत" हे वाक्य मी आपल्याच घरांत खूपदा ऐकलंय.

१९९३ साली विस्कॉन्सिननं प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या उत्पन्नावर मर्यादा घातली. राज्याकडून येणारी सर्वसाधारण मदत आणि स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स या दोन्हींची बेरीज विद्यार्थ्यामागे ठरलेल्या रकमेच्या वर जाता कामा नये, असा तो नियम. २००९ पर्यंत ही मर्यादा महागाईबरोबर वर सरकत होती. त्यानंतर तो दुवा तुटला. २०११ मध्ये ती साडेपाच टक्क्यांनी खाली आणली गेली, आणि २०२१ ते २०२३ ही दोन वर्षं तर तिच्यात एका डॉलरचीही भर पडली नाही. २०२३ मध्ये गव्हर्नर एव्हर्स यांनी अर्थसंकल्पातल्या "२०२४-२५" मधले आकडे आणि रेघ खोडून त्याचं "२४२५" केलं, आणि विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलरची वाढ पुढच्या चारशे वर्षांसाठी कायद्यात जाऊन बसली. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती चार विरुद्ध तीन मतांनी कायम केली. पण त्यानंतरच्या २०२५-२७ च्या अर्थसंकल्पात राज्याची सर्वसाधारण मदत जिथल्या तिथे राहिली. म्हणजे मर्यादा ३२५ डॉलरनं वाढते आणि ती भरायला राज्याकडून नवं काही येत नाही. ते प्रॉपर्टी टॅक्समधून येतं, तेही रेफरेंडमशिवाय. हे लक्षात ठेवा, कारण डिसेंबरच्या बिलातली सगळी वाढ रेफरेंडमच्या नावावर टाकणं चूक आहे.

मर्यादेच्या वर जायचं तर मतदारांना विचारणं हा एकच मोठा रस्ता उरतो. म्हणून २०२४ या एका वर्षात राज्यातल्या ४२१ डिस्ट्रिक्टमध्ये मिळून शाळांसंबंधी २४१ प्रश्न मतपत्रिकेवर आले, आणि त्यातले सुमारे सत्तर टक्के मंजूर झाले. एखाद्या बोर्डाला हौस आहे म्हणून हे होत नाही.

आता मतपत्रिकेकडे वळू. तिच्यावर दोन वेगळ्या जातीचे प्रश्न असू शकतात. एक कर्जाचा: इमारत बांधायला किंवा दुरुस्त करायला रोखे काढायचे, पंधरा-वीस वर्षांत व्याजासह फेडायचे आणि मग तो कर संपणार. दुसरा चालू खर्चाचा: शिक्षकांचे पगार, बस, वीज. या दुसऱ्यात आणखी दोन प्रकार आहेत. "नॉन-रिकरिंग" म्हणजे ठरावीक वर्षांपुरता. "रिकरिंग" म्हणजे कायमचा. प्रश्नात हा एक शब्द कुठे आहे ते बोट ठेवून शोधा. मॅडिसनमध्ये नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही जाती एकत्र आल्या होत्या, इमारतींसाठी ५० कोटी ७० लाख डॉलर आणि चालू खर्चासाठी १० कोटी डॉलर. मतदारांनी दोन्ही मंजूर केले.

चालू खर्चाच्या प्रश्नात टप्पे असतील तर ते नीट वाचा. मिलवॉकीत एप्रिल २०२४ मध्ये २५ कोटी २० लाख डॉलरचा कायमस्वरूपी प्रश्न अगदी थोडक्या फरकानं मंजूर झाला. ती रक्कम एकदम येणार नव्हती: पहिल्या वर्षी १४ कोटी, दुसऱ्या वर्षी आणखी ५ कोटी १० लाख, तिसऱ्या वर्षी आणखी ४ कोटी ७० लाख, चौथ्या वर्षी आणखी १ कोटी ४० लाख. प्रचारात सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा होता, घराच्या प्रत्येक १ लाख डॉलर किमतीमागे २१६ डॉलर. तो पहिल्या वर्षाचा होता. "आणखी" या शब्दाचा अर्थ असा की आधीचे टप्पे जागेवरच राहतात आणि नवा टप्पा त्यांच्यावर चढतो. पत्रकात एकच आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: हा कोणत्या वर्षाचा?

आता वही उघडते. पुढचे आकडे कोणत्याही एका डिस्ट्रिक्टचे नाहीत. पद्धत कळावी म्हणून मी सोपे आकडे घेतले आहेत.

समजा डिस्ट्रिक्टला ९ कोटी डॉलरचं कर्ज काढायचंय, वीस वर्षांसाठी, साडेचार टक्के व्याजानं. समान हप्त्यांनी ते फेडायला वर्षाला साधारण ६९ लाख डॉलर लागतील. वीस वर्षांत एकूण १३ कोटी ८० लाखांच्या आसपास. (प्रश्नात ९ कोटीच लिहिलेले असतात, व्याज धरलेलं नसतं.) डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या करपात्र मालमत्तेची किंमत ४६० कोटी डॉलर आहे असं धरू. ६९ लाखांना ४६० कोटींनी भागलं की दर हजार डॉलर किमतीमागे दीड डॉलर येतो. हा झाला मिल रेट. तुमचं घर ४ लाख २० हजारांचं असेल तर ४२० गुणिले दीड, म्हणजे वर्षाला ६३० डॉलर.

मग अडीचशेचा आकडा आला कुठून?

डिस्ट्रिक्टचं एक जुनं कर्ज याच वर्षी फिटतंय असं समजा. त्याचा हप्ता वर्षाला ४० लाख होता, म्हणजे हजारी ८७ सेंट. नव्या दीड डॉलरमधून हे ८७ सेंट वजा केले की उरतात ६३ सेंट. पत्रक म्हणतं: "वाढ हजारी फक्त ६३ सेंट." तुमच्या घरामागे २६५ डॉलर, महिन्याला २२. हे खरं आहे, यंदाच्या बिलापेक्षा पुढचं बिल तेवढंच वाढेल. पण लोकांनी "नाही" म्हटलं असतं तर ते बिल आहे तिथे थांबलं नसतं. जुनं कर्ज फिटल्यामुळे ते ३६५ डॉलरनं उतरलं असतं. एका बाजूला ३६५ डॉलरची घट, दुसऱ्या बाजूला २६५ डॉलरची वाढ. तुमच्या मताची किंमत या दोन टोकांमधलं अंतर आहे, आणि ते ६३० डॉलर आहे.

मला तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. "किती वाढणार?" असं विचारलं तर उत्तर २६५ येईल, आणि उत्तर देणारा प्रामाणिक असेल. "हो आणि नाही यांत माझ्या बिलात किती फरक पडतो?" असं विचारलं तर ६३० येईल. मत देणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायचा असतो. पहिल्या रेफरेंडमला मी पहिला विचारला होता.

हीच गोष्ट "कराचा दर वाढणार नाही" या वाक्यात सगळ्यात जास्त दडलेली असते. जुनं कर्ज फिटतंय, तेवढ्याच हप्त्याचं नवं कर्ज काढलं तर दर खरोखरच वाढत नाही. पण तो उतरायचा होता, तो उतरत नाही. हे वाक्य ऐकलं की बोर्डाच्या सभेत उभं राहून शांतपणे एवढंच विचारा: प्रश्न नामंजूर झाला तर दर किती होईल? हा आकडा डिस्ट्रिक्टकडे असतो. मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जाचा हिशोब "फंड ३९" नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवलेला असतो, त्यात कोणतं कर्ज कधी फिटतं याचं वेळापत्रक असतं, आणि मागितलं की ते मिळतं. त्यात आणखी एक पाहा. काही कर्जांची मांडणी अशी असते की सुरुवातीची दोन-तीन वर्षं मुख्यतः व्याजच भरलं जातं आणि मोठे हप्ते मागे ढकलले जातात. तसं असेल तर पहिल्या वर्षाचा आकडा बघून काहीच कळत नाही. सगळ्यात मोठ्या हप्त्याचं वर्ष शोधायचं.

आता घरांच्या वाढत्या किमतींकडे येते. इथे आपल्यातले हुशार लोकही फसतात, मीही फसले होते. पत्रकात लिहिलेलं असतं की डिस्ट्रिक्टमधल्या मालमत्तेची किंमत दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल असं धरलंय, त्यामुळे मिल रेट हळूहळू उतरत जाईल. आलेखातली रेघ खाली जाताना दिसते आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपलं बिलही तसंच खाली जाणार. जात नाही. तुमचं घरही त्याच किमतींमध्ये वर जात असतं. सगळ्यांची घरं सारख्याच प्रमाणात महागली तर दर उतरतो, तुमच्या घराची किंमत चढते, आणि गुणाकार केला की तेच ६३० डॉलर येतात. तुमचा वाटा खरोखर कमी होतो तो नव्या बांधकामामुळे, कारण तेव्हा वाटेकरी वाढतात. पाच टक्के वाढीतले दीड टक्के नव्या घरांमुळे आणि साडेतीन टक्के जुन्या घरांच्या भाववाढीमुळे असेल तर दहा वर्षांनी मिल रेट दीड डॉलरवरून ९२ सेंटवर येतो. जवळपास चाळीस टक्के उतरला. तोवर तुमचं घर ४ लाख २० हजारांवरून ५ लाख ९२ हजारांवर गेलेलं असतं, आणि तुमचं बिल ६३० वरून ५४५ वर येतं. तेरा-चौदा टक्के. आलेखातली घसरण आणि तुमच्या खिशातली घसरण यांत इतकं अंतर आहे.

ज्या डिस्ट्रिक्टमध्ये शेतं जाऊन वसाहती उभ्या राहताहेत, तिथे नव्या बांधकामाचा आधार खरा आहे. मॅडिसनजवळच्या सन प्रेअरी, वेरोना या गावांची नावं तुमच्या डोळ्यासमोर आलीच असतील. चारही बाजूंनी बांधून पूर्ण झालेल्या जुन्या उपनगरात तो नसतो. तिथे "मूल्यवाढ" या शब्दावर विसंबू नका, त्यातलं नवं बांधकाम किती ते विचारा. आणखी एक गोष्ट. २०२१ नंतर घरांच्या किमती ज्या वेगानं चढल्या, त्या वेगानं ऑफिसच्या इमारतींच्या चढल्या नाहीत. करासाठी लागणारी रक्कम तीच राहिली तरी त्यातला घरांचा वाटा अशा वेळी वाढतो. तुमच्या बिलात दर वर्षी थोडी थोडी वाढ दिसते आणि तिचं कारण कोणत्याच पत्रकात सापडत नाही, त्यातला काही भाग हा असतो.

उलट हिशोबही करून बघा. शाळेचा एकूण मिल रेट ८ डॉलरवर स्थिर ठेवू, असं आश्वासन मिळालं. ४ लाख २० हजारांच्या घराला आज ३,३६० डॉलर होतात. दर एका सेंटनंही न हलता, वरच्याच वेगानं घर महागलं, तर दहा वर्षांनी ४,७४० होतील. दर स्थिर म्हणजे बिल स्थिर, असं कुणी म्हणालं तर त्याला हे दोन आकडे दाखवा.

राज्याच्या मदतीचा भाग किचकट आहे, पण तो वगळला तर हिशोब अपुरा राहतो. विस्कॉन्सिन शाळांना मदत देताना विद्यार्थ्यामागे किती मालमत्ता आहे ते पाहतं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्ता कमी, तिथे खर्चातला मोठा भाग राज्य उचलतं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये विद्यार्थ्यामागची मालमत्ता राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे आणि खर्चही राज्यानं ठरवलेल्या पातळीच्या वर गेलाय, तिथे पुढच्या प्रत्येक डॉलरमागे आधीच मिळणारी मदत थोडी कापली जाते. मॅडिसन याचं नेहमीचं उदाहरण आहे. मर्यादा मदत आणि टॅक्स या दोन्हींच्या बेरजेवर असल्यामुळे मदतीत गेलेला डॉलर टॅक्समधून भरून काढला जातो. वरच्या उदाहरणात ही कपात पंधरा टक्के धरली तर वर्षाला आणखी १० लाखांच्या वर कर बसवावा लागेल, म्हणजे तुमच्या घरामागे आणखी ९५ डॉलर. ६३० चे ७२५ झाले. मालमत्ता कमी असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये हेच उलट होतं आणि ६३० चे साडेचारशेही होऊ शकतात. मदतीचा हिशोब मागच्या वर्षाच्या खर्चावर होत असल्यामुळे हा फरक पहिल्या बिलात दिसत नाही, पुढच्या वर्षी दिसतो. अनेक डिस्ट्रिक्ट आपल्या अंदाजात तो धरतात. आपल्यानं धरलाय का, हे एका ओळीत विचारता येतं.

एवढं झालं की डिसेंबरचं बिल हातात घ्या. शाळेचा मिल रेट असेसमेंटच्या, म्हणजे गावानं केलेल्या मूल्यांकनाच्या, आकड्याला लावू नका. एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये शहर, खेडी, टाउनशिप असं बरंच काही असतं आणि प्रत्येकानं शेवटचं मूल्यांकन वेगवेगळ्या वर्षी केलेलं असतं. म्हणून शाळेचा अंदाज राज्याच्या महसूल विभागानं काढलेल्या बाजारभावावर मांडतात. तुमच्या बिलावर असेसमेंट ३ लाख १० हजार असेल आणि त्याच्या शेजारी अंदाजित बाजारमूल्य ४ लाख २० हजार छापलेलं असेल, तर धरायचा आकडा ४ लाख २० हजार. आपल्या ग्रुपवर दोन शेजाऱ्यांचे आकडे जुळत नव्हते, त्याचं मला दिसलेलं कारण हेच होतं.

बिलाच्या खालच्या भागात एक चौकट असते, ती फार थोडे लोक वाचतात. मतदारांनी मंजूर केलेल्या तात्पुरत्या करवाढी तिथे एकेक करून दिलेल्या असतात: एकूण रक्कम किती, तुमच्या मालमत्तेवर किती आणि कोणत्या वर्षी संपणार. वरचा सगळा हिशोब मांडायला जुन्या कर्जाची जी माहिती लागते, ती बरीचशी या चौकटीत आहे. कायमस्वरूपी प्रश्नातली वाढ तिथे सापडणार नाही. ती नेहमीच्या शाळेच्या ओळीत मिसळून गेलेली असते.

आता एस्क्रो. माझ्या हप्त्यात झालेल्या त्या उडीचं एक कारण हे होतं. बँक वर्षभर जुन्या अंदाजानं पैसे गोळा करते. वरच्या उदाहरणातलं बिल २६५ नं वाढून आलं की खात्यात तेवढी तूट पडते. ती तूट पुढच्या बारा महिन्यांत वसूल होते, महिन्याला बावीस. शिवाय पुढच्या वर्षाच्या वाढलेल्या बिलासाठी महिन्याला आणखी बावीस. म्हणून पहिल्या वर्षी हप्ता ४४ नं चढतो आणि दुसऱ्या वर्षी त्यातली निम्मी वाढ उतरते. पत्रकात २२ वाचून बसलेल्या माणसाला ४४ दिसले की त्याचा शाळेवरचाच विश्वास उडतो. ज्यांच्याकडे नवं घर आणि मोठं कर्ज आहे त्यांनी मंजुरीनंतर बँकेला स्वतःहून फोन करून मासिक रक्कम आधीच वाढवून घ्यावी. तूटच पडणार नाही. फेडरल रिटर्नमध्ये प्रॉपर्टी टॅक्सची वजावट घेणाऱ्यांना यातला काही भाग परत मिळतो, पण फक्त आयटमाइज करणाऱ्यांना, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवणाऱ्यांना. या वजावटीवर २०१८ पासून असलेली १० हजारांची मर्यादा २०२५ मध्ये ४० हजार झाली, तरी आपल्यातली पुष्कळ कुटुंबं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावटच घेतात. त्यांनी प्रॉपर्टी टॅक्सची वजावट शून्य धरावी.

हे सगळं आपल्यासारख्या दोन पगारांच्या घरांबद्दल झालं. माझ्या समोरच्या घरात एक आजी राहतात. नवरा गेलेला, मुलं मोठी होऊन दुसऱ्या राज्यात. घर १९७८ सालचं, कर्ज कधीच फिटलेलं. त्या घराची किंमत वाढली याचा त्यांच्या हातात येणाऱ्या पैशांशी काही संबंध नाही, बिलाशी मात्र आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राज्याची होमस्टेड क्रेडिट नावाची सवलत आहे, पण ती घरातलं वर्षाचं उत्पन्न २४,६८० डॉलरच्या आत असेल तरच मिळते आणि सोशल सिक्युरिटीही त्या उत्पन्नात मोजली जाते. थोडीशी पेन्शन असली की माणूस बाहेर पडतो. ही सवलत भाडेकरूंनाही आहे, आणि बिल हातात येत नसलं तरी भाड्यातून हा कर तेही भरत असतात. त्या आजींनी मागच्या वेळी "हो" म्हटलं होतं. मला म्हणाल्या, माझी मुलं शिकली तेव्हा दुसऱ्या कुणीतरी भरलं होतं. अशा माणसाला कच्चा आकडा देणं मला अन्यायाचं वाटतं. जो स्वतःच्या औषधांच्या खर्चातून हे पैसे काढणार आहे, त्याला शेवटच्या डॉलरपर्यंत खरं सांगितलं पाहिजे.

आपल्यातल्या कित्येकांना मत नाही. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहात, घर घेतलंय, संपूर्ण टॅक्स भरता, मुलं याच शाळेत जातात, आणि मतपत्रिका येत नाही. त्यामुळे "आपला काय संबंध" असं म्हणून बाजूला होणारे मी पाहिलेत. कृपा करून होऊ नका. बोर्डाच्या सभा खुल्या असतात. लोकांनी बोलण्यासाठी राखलेल्या वेळात बोलायला बहुतेक ठिकाणी नाव नोंदवणं पुरतं, पासपोर्ट कुणी मागत नाही. अर्थसंकल्पाची जाहीर सुनावणी दरवर्षी होते आणि ती जवळजवळ रिकामी असते. मी तीन वेळा गेले, तिन्ही वेळा खुर्च्या मोजता येतील इतके लोक होते. तिथे एका माणसानं नीट विचारलेला प्रश्न इतिवृत्तात जातो, आणि पुढच्या पत्रकात त्याचं उत्तर छापून येऊ शकतं. मत असलेले आपण दोनशे लोक मिळून जेवढा फरक पाडू, त्याहून जास्त फरक अशा एका प्रश्नानं पडू शकतो, कारण ते पत्रक सगळ्या गावाच्या घरी जातं.

आपण मागायचं ते असं: प्रश्न मंजूर झाला तर आणि नामंजूर झाला तर, दोन्ही बाजूंचा कर शेजारी शेजारी छापा. पहिल्या वर्षाचा छापा आणि सगळ्यात जड वर्षाचाही छापा. मूल्यवाढीतलं नवं बांधकाम किती धरलंय ते लिहा. राज्याच्या मदतीचा परिणाम धरलाय की नाही ते लिहा. व्याजाचा दर एक टक्क्यानं जास्त निघाला तर काय होईल, तेही. हे सगळं पत्रकाच्या एका पानात बसतं, आणि ज्या सल्लागार कंपन्या डिस्ट्रिक्टसाठी हे अंदाज काढतात त्यांच्या तक्त्यात हे आकडे तयारच असतात.

असे आकडे छापले तर लोक "नाही" म्हणतील, अशी भीती मला एका बोर्ड सदस्यानं बोलून दाखवली होती. ती मी समजू शकते. ज्या इमारतीत बॉयलर बंद पडतो तिथली मुलं त्यांनी पाहिलेली असतात. पण मी पहिल्यांदा चुकीच्या आकड्यावर "हो" म्हटलं आणि नंतर दोन वर्षं प्रत्येक पत्रकाकडे संशयानं पाहिलं. त्या दोन वर्षांत आणखी एक प्रश्न आला असता तर मी बहुधा "नाही" म्हटलं असतं. या वेळी माझ्या घरामागचा फरक मी स्वतः काढलाय. तो पत्रकातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त आहे. तरीही मी "हो" म्हणणार आहे. आमच्या घरात तेवढी रक्कम कुठून येईल ते नवऱ्याबरोबर बसून ठरवलंय, आणि यंदाची दिवाळीतली भारताची फेरी त्यासाठी पुढे ढकलली आहे. तुमच्या घरातला हिशोब वेगळा असेल आणि त्यातून "नाही" निघालं, तर ते उत्तरही तितकंच मोलाचं मानेन.

येत्या दोन रविवारी, दुपारी दोन ते पाच, मी आपल्या ग्रंथालयातल्या मागच्या खोलीत बसणार आहे. डिसेंबरचं बिल, डिस्ट्रिक्टचं पत्रक आणि एस्क्रोचं शेवटचं पत्र घेऊन या. एका घराचा हिशोब व्हायला वीस मिनिटं लागतात. समोरच्या आजी पहिल्या रविवारी येणार आहेत. ज्यांच्या शेजारी असं कुणी एकटं राहत असेल, त्यांनी त्यांनाही गाडीतून आणावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डेन काउंटीतली एक मराठी घरमालकीण